पहिला सूर कुठे लावायचा

प्रिय दादा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. पहिलं फाडलं, कारण त्यात तुझ्या तब्येतीची चौकशीच दीड पान झाली होती. दुसरं वाचून माझं मलाच वाटलं की ही बया काहीतरी मागायला आलीय आणि आधी गोडगोड बोलतेय, म्हणून तेही फाडलं. आता जसं सुचेल तसं लिहिणार आहे. शाळेच्या जिन्याखाली जी छोटी खोली आहे ना, पूर्वी तुटके बाक ठेवायचे ती, तिथे बसलेय. दुपारचे अडीच वाजलेत. सगळी शाळा मैदानावर सामना बघायला गेलीय. इथे सहा खुर्च्या, एक जाड निळा पडदा आणि मी. दोन ओळी लिहिल्या की उठते, पडद्यापर्यंत जाते, परत येऊन बसते. अक्षर मध्येच वाकडं झालं तर समज की मी नुकतीच फेरी मारून आलेय. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू 'बरं' एवढंच पाठवलं असतंस, आणि मीही एक हसरा चेहरा टाकून सुटले असते. या वेळी मला सुटायचं नाहीये.

तर आधी कबुली. मी शनिवारी केमिस्ट्रीच्या जादा तासाला जात नाही. गेल्या वर्षभरात एकदाही गेलेली नाही. तू मागच्या वेळी जेवताना विचारलंस, "काय गं, केमिस्ट्री कशी चाललीय?" आणि मी म्हटलं, "उकळतेय." तू हसलास. आईने मान खाली घातली, बाबांनी उगाचच पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे केला. आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी शनिवारी संगीत शिकते. गाणं नाही, सिनेमाला संगीत कसं द्यायचं, ते. आमच्या शाळेत अकरावीपासून हा ऐच्छिक विषय सुरू झालाय. मी नाव घातलं तेव्हा बाबांनी अर्जावर सही केली आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "शीक, जरूर शीक. फक्त दादासमोर विषय नको." आईने तर केमिस्ट्रीचं नाव त्याच दिवशी ठरवून टाकलं.

तुला घरात काय काय दिसतं आणि काय नाही, हे मला कधीच नीट कळलेलं नाही. तू तापातून उठलास, दवाखान्यातून घरी आलास, आणि डॉक्टरांनी दोन्ही कान गेल्याचं सांगितलं, त्याला आता चार वर्षं झाली. मी तेरा वर्षांची होते. त्याच आठवड्यात तुझा कीबोर्ड चादरीत गुंडाळून कपाटावर गेला. मग एक दिवस तो कपाटावरही नव्हता. आईने तिच्या मैत्रिणीच्या मुलीला देऊन टाकला होता. तू सुट्टीत आलास, त्या रिकाम्या जागेकडे एकदा बघितलंस आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेलास. रेडिओ गेला. आईचं गुणगुणणं थांबलं. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला तो कायमचाच. तू इथे नसतानाही ते बातम्या मुक्यानेच बघतात, आणि निवेदिकेचे ओठ बघून देशाचं काय चाललंय ते आम्हाला सांगतात. बहुतेक वेळा चुकीचं सांगतात. हे सगळं आम्ही तुझ्यासाठी केलं. तुला विचारून मात्र यातलं काहीही केलं नाही.

आमचे सर पूर्वी सिनेमांच्या ध्वनिमुद्रणात चेलो, म्हणजे ते गुडघ्यांत धरायचं खर्जातलं मोठं व्हायोलिन, वाजवायचे. त्यांना सगळी मुलं 'थांबा सर' म्हणतात, कारण ते पडद्यावर काहीही लावलं की दर अर्ध्या मिनिटाला "थांबा!" म्हणून ओरडतात आणि चित्र गोठवतात. मग विचारतात, आत्ता काय घडलं? कुणी म्हणतं, तो माणूस दारातून आला. "ते मांजरालासुद्धा दिसलं. घडलं काय?" पहिले दोन महिने त्यांनी आम्हाला एक सूरसुद्धा लिहू दिला नाही. हातात घड्याळ आणि कागद. कितव्या सेकंदाला माणूस वळला, कितव्या सेकंदाला त्याने श्वास घेतला, कधी त्याने बोलायचं ठरवलं आणि मग बोललाच नाही, एवढंच लिहायचं. एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याचं रस्ता ओलांडतानाचं चित्र तीन वेगवेगळ्या संगीतांसकट दाखवलं. पहिल्यात तो चोर वाटला, दुसऱ्यात बिचारा वाटला, तिसऱ्यात तो कुणालातरी भेटायला निघालाय असं वाटलं. म्हातारा तोच, रस्ता तोच. मला त्या दिवशी घरी चालत जाताना समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला संगीत द्यावंसं वाटत होतं. डोक्यात जो किडा शिरला तो शिरलाच.

घरी वाद्य नाही, म्हणून मी शाळा सुटल्यावर याच खोलीत थांबते. इथला कीबोर्ड जुना आहे, वरच्या दोन पट्ट्या मुक्या आहेत. मला तुझ्या टेबलाखालचे दिवस आठवतात. तुझं पायाचं पेडल बिघडलं होतं, दाबलं की अडकून बसायचं, म्हणून मी टेबलाखाली मांडी घालून ते हातांनी धरायचे आणि तू वरून सांगायचास, "धर… धर… सोड." मी उशिरा सोडलं की सगळे सूर एकमेकांत सांडायचे, आणि तू पायाच्या अंगठ्याने माझ्या डोक्यावर टिचकी मारायचास. सर पहिल्यांदा म्हणाले की सूर कधी लावायचा यापेक्षा कधी सोडायचा हे कठीण असतं, तेव्हा वर्गात सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी नाही घेतलं. मला ते आठ वर्षांची असल्यापासून येत होतं. आणि हे तिथे कुणाला सांगताही येत नव्हतं, घरी तर नाहीच नाही.

आत्ता उठून आले. मैदानावर आरडाओरडा चाललाय, बहुतेक आपण हरतोय.

आता मुद्द्याचं. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे 'शिडी' म्हणतात, इतकी उंच आहे. तिने सहा मिनिटांची एक फिल्म केली. तिच्या मामाचं केस कापायचं दुकान आहे, त्यातच सगळी घडते. दुकानदार बाप आहे, मुलगा दुसऱ्या गावी कायमचा निघालाय, बॅग खुर्चीशेजारी ठेवलीय. बाप त्याचे केस कापतो. दोघं एक शब्द बोलत नाहीत. केस कापून होतात, मुलगा उठतो, दार उघडून जातो. बाप मागे राहतो. एवढंच. बाप झालाय तिचा खरा मामाच, आणि त्याने असं काम केलंय की कॅमेरा समोर आहे हे तो बहुधा विसरलाच होता. संगीत मी द्यायचं ठरलं. मी हुरळून गेले. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत व्हायोलिनं, बासरी, आणि मुलगा दाराबाहेर पडला की सगळं एकदम उसळी घेऊन वर, म्हणजे प्रेक्षकांनी रुमाल काढलेच पाहिजेत. सरांनी ऐकलं. एकदाही "थांबा" म्हणाले नाहीत, तेव्हाच मी वही मिटली. संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "तू चित्रावर गालिचा अंथरलास, मुली. सुंदर आहे गालिचा. पण माणसांचे पाय दिसेनासे झाले." मी आठवडाभर जेवणाच्या ताटाशी भांडत होते. तीन वेळा नवीन लिहिलं, तिन्ही वेळा तोच गालिचा, फक्त रंग वेगळा.

त्याच रविवारी तू आला होतास. आठवतंय? मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि तू मागून चहाचा कप घेऊन आलास. मी झाकण आपटणार, तेवढ्यात तू म्हणालास, "राहू दे, बघू तरी." तुझा आवाज जरा मोठा निघाला, स्वयंपाकघरातून आई धावत आली, पडद्यावर काय आहे ते बघून दारातच थबकली. तू विचारलंस, "आवाज आहे का याला?" मी तोंड तुझ्याकडे करून म्हटलं, "अजून नाही." तू भुवई उडवलीस, "अजून?" मी थाप मारली की भाषेच्या तासाला यावर निबंध लिहायचाय. मग तू माझ्या शेजारी बसलास आणि अख्खी फिल्म बघितलीस. संपल्यावर पुन्हा लाव म्हणालास. दुसऱ्यांदा बघताना बाप मुलाच्या गळ्याशी कापड बांधतो तिथे तू बोट ठेवलंस. "हे बघ. त्याने गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली. रोज शंभर माणसांना बांधतो, त्याची गाठ चुकेल का? त्याला आत्ता कळलंय की पोरगा परत येणार नाही. पुढचं सगळं नुसतं केस कापणं आहे." मग दार बंद झाल्यावरचा तुकडा आला, जिथे माझी व्हायोलिनं आभाळाला भिडत होती. तू म्हणालास, "इथे लोकांना वाटेल तो रडतोय. तो रडत नाहीये, तो खुर्चीवरचे केस झाडतोय. इथे त्याला एकटं सोडायला हवं." आणि चहा संपवून, कप विसळून, तू बाबांबरोबर बाजारात गेलास.

दादा, मी पन्नास वेळा ती फिल्म बघितली होती. घड्याळ लावून, कागदावर सेकंद मांडून. ती दुसरी गाठ मला दिसलीच नव्हती. कारण मी बघतच नव्हते, मी माझी व्हायोलिनं ऐकत होते.

सोमवारी मी सगळं पुसलं. दोन मिनिटं काहीच नाही, नुसता दुकानातला आवाज. दुसऱ्या गाठीला चेलोचा एक सूर, खालचा, जेमतेम ऐकू येईल असा. मग कात्रीच्या मधूनमधून तीनच सूर, कात्री थांबली की तेही थांबतात. दार वाजल्यावर शेवटपर्यंत एकही नाही, फक्त झाडू. चेलो सरांनी स्वतः वाजवला. शाळेच्या सभागृहात फिल्म दाखवली तेव्हा संपल्यावर कुणी टाळ्याच वाजवल्या नाहीत. मला वाटलं, आता मी तोंडघशी पडले. मग पाहिलं, तर शिडीचा मामा पहिल्या रांगेत बसून नाक पुसत होता आणि मागचे सगळे तो उठायची वाट बघत होते. नंतर सरांनी मला जवळ बोलावलं. "गाठीपाशी सुरू करायला तुला कुणी सांगितलं?" सगळे ऐकत होते, मुख्याध्यापिकाही होत्या. मी म्हटलं, "कुणी नाही सर, मलाच दिसलं." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून तिथे आहे, दुखऱ्या दाढेसारखी.

तेव्हापासून मला एका जागी चैन नाही. जेवताना उठते, वर्गात खिडकीबाहेर बघते, घरी फाटकापासून दारापर्यंत फेऱ्या घालते. आईने एकदा विचारलंसुद्धा, की पायात काटा गेलाय का. सरांना खरं सांगितलं असतं, तर गाठ कुणाला दिसली हे शाळेतून घरी आणि घरून तुझ्यापर्यंत पोचलं असतं, आणि मग केमिस्ट्री उघडी पडली असती. म्हणजे मी थाप मारली ती तुझ्यासाठीच, असं मी स्वतःला पटवत होते. आपल्या घरात सगळ्या थापा तुझ्यासाठीच असतात. पण ही माझ्यासाठी होती. मला ती शाबासकी एकटीला हवी होती.

मागच्या आठवड्यात कळलं की ती फिल्म शाळकरी मुलांच्या फिल्म दाखवतात त्या कार्यक्रमात निवडली गेलीय. आणि तो कार्यक्रम तुझ्या गावात आहे. तुझ्या ऑफिसच्या चौकातून पुढे जे जुनं नाट्यगृह आहे, तिथे. मी घरी नाचत सांगितलं, तर आईबाबांनी एकमेकांकडे बघितलं. बाबांनी दोन मिनिटांत बेत आखला: सकाळी तुझ्या खोलीवर यायचं, तुझ्याबरोबर जेवायचं, आणि तीन ते सहा आम्हा तिघांना 'एका ओळखीच्यांकडे' जायचं असेल. "आणि तो म्हणाला, मीही येतो, तर?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "तर त्यांची तब्येत बरी नाही म्हणू." जे ओळखीचे अस्तित्वातच नाहीत त्यांना बाबांनी आजारीसुद्धा पाडलं! मला हसूही आलं आणि असं वाटलं की काहीतरी फोडावं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी गच्चीवर चादरींच्या घड्या घालत होतो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. मी म्हटलं, मी दादाला सांगणार आहे. ती म्हणाली, "त्याच्या जखमेवर मीठ चोळायला?" मी म्हटलं, "त्याची जखम की तुझी?" फार लागेल असं बोलले, मला माहीत आहे. तिच्या हातातलं टोक सुटलं. मग ती कठड्याशी टेकली आणि जे म्हणाली ते मी तुला जसंच्या तसं लिहितेय, कारण ते तुला माहीत असायला हवं. "तू समजतेस मी त्याच्यासाठी गायचं थांबवलं. तो घरी आला त्या सकाळी मी कणीक मळताना गुणगुणत होते, माझं लक्षच नव्हतं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. म्हणाला, काय म्हणतेयस आई, पुन्हा सांग. मी म्हटलं, काही नाही रे. त्याला वाटलं मी काहीतरी लपवलं. तेव्हापासून माझा गळाच उघडत नाही." मग तिने चादर उचलली, झटकली, आणि आम्ही उरलेल्या तीन चादरींच्या घड्या घातल्या. शेवटची घडी घालताना ती म्हणाली, "सांग त्याला. पण माझ्यासमोर नको, मला बघवणार नाही."

दादा, तुला माझा राग येईल याची मला भीती वाटते, आणि तुला राग आला नाही तर त्याहून जास्त भीती वाटते. तू हसून "बरं" म्हणालास आणि पुन्हा बाबांबरोबर बाजारात गेलास तर मी काय करू? मला हेही माहीत नाही की तुला संगीताचं नावसुद्धा नकोसं होतं की आम्हीच ते तुझ्यापासून काढून घेतलं. मी कधी विचारलंच नाही. टेबलाखाली बसायचे तेव्हा मी तुला दिवसातून पन्नास प्रश्न विचारायचे, आणि हा एक प्रश्न चार वर्षं गिळून बसले.

मैदानावरून मुलं परत यायला लागलीत, जिन्यावर पाय वाजतायत, म्हणून आता भराभर लिहिते. हे पत्र लिहायचं कारण असं. काल मी सरांकडे जाऊन खरं सांगितलं, की ती गाठ मला नाही, माझ्या भावाला दिसली. त्याला ऐकू येत नाही, हेही सांगितलं. सरांनी फिल्मच्या शेवटी नावं येतात त्या पाट्यांचा कागद पुढे केला आणि म्हणाले, लिही. मी माझ्या नावाशेजारी तुझं नाव लिहिलंय. तुला न विचारता. म्हणजे घरातली सवय मलाही लागलीच आहे. ही खोड मोडायची म्हणून सांगतेय: फिल्म पुढच्या शुक्रवारी पाठवायची आहे, नको असेल तर त्याआधी 'काढ' एवढंच कळव, मी काढीन आणि कारण विचारणार नाही. कार्यक्रम एकवीस तारखेला आहे, दुपारी तीनला. यायचं की नाही ते तूच ठरव. बाबांचे ते आजारी ओळखीचे आता बरे झालेत असं मी त्यांना आजच सांगणार आहे. आणि पाकिटात एक पेनड्राइव्ह आहे. त्यात शिडीची नवी फिल्म आहे, अकरा मिनिटांची, दोन बहिणी आणि एक बंद पडलेली पिठाची गिरणी. सरांनी ती मला दिलीय. मी ती एकदाही बघितलेली नाही आणि अजून एकही सूर लिहिलेला नाही. मला दया म्हणून नको आहेस तू, कामाला हवा आहेस. तू आधी बघ, आणि मला सांग, सुरू कुठे करू.

तुझीच,
शेंडेफळ